घराण्याचा शोध : गोव्यातील दप्तरांत पूर्वजांची नावे कशी शोधावीत

गोव्यातील असंख्य घरांत एक गोष्ट सांगितली जाते. आपले मूळ गाव अमुक, कुलदेवतेची मूर्ती घेऊन पूर्वज रातोरात नदी ओलांडून पलीकडे आले, आणि तेव्हापासून हे घर इथे आहे. ही गोष्ट तोंडी चालत आलेली असते आणि नावांची साखळी बहुधा आजोबांच्या आजोबांपाशी तुटते. एरवी त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण जमिनीची वाटणी निघते, न्यायालयात इन्व्हेंटरी उभी राहते, देवस्थानच्या महाजनकीचा वाद उपस्थित होतो किंवा कुटुंबातील कुणी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करायला निघतो, तेव्हा त्याच गोष्टीला कागदाचा आधार मागितला जातो.

असा आधार शोधण्याच्या दृष्टीने गोमंतकीय माणूस भाग्यवान आहे. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज राजवटीने कागद भरपूर निर्माण केला आणि त्यातला पुष्कळसा जपलाही. मात्र हा कागद घराण्यांचा इतिहास लिहिण्यासाठी कुणी तयार केलेला नाही. तो कर वसूल करण्यासाठी, जमीन मोजण्यासाठी, धर्मांतरितांची नोंद ठेवण्यासाठी आणि वारस ठरवण्यासाठी तयार झाला. कोणता कागद कोणत्या कचेरीने कशासाठी केला, हे ज्याला कळले त्याला आपले पूर्वज कोणत्या दप्तरात भेटतील याचा अंदाज येतो.

आरंभ घरातूनच

शोधाची दिशा नेहमी आजकडून मागे असावी. प्रसिद्ध पूर्वज गृहीत धरून त्याच्यापासून खाली उतरू पाहणारा शोधक हमखास फसतो. समान आडनावाचे दुसरेच घराणे त्याच्या हाती लागते. म्हणून प्रथम घरातील पेटी उघडावी. जुने विक्रीखत, भाडेपावत्या, जन्मदाखले, लग्नपत्रिका, श्राद्धाच्या तिथींची वही, फॉर्म १-१४ची प्रत यांवर नाव, गाव आणि वर्ष अशी तीन टिपणे काढावीत. घरातील वृद्ध स्त्रियांना त्यांची माहेरची नावे, माहेरचे गाव आणि सासूचे माहेर आवर्जून विचारावे. ही माहिती कागदावर सर्वांत कमी सापडते आणि त्या व्यक्तीबरोबरच नाहीशी होते.

पिढ्यांचे गणितही आरंभीच मांडावे. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरतात. मंगेशाचे स्थलांतर कुठ्ठाळीहून प्रियोळला १५६०च्या सुमारास झाले. तेव्हापासून आजवर पंधरा-सोळा पिढ्या व्हायला हव्यात. घरच्या कुळावळीत सातच नावे असतील, तर मधली नावे गळाली आहेत किंवा घराणे त्या गावी नंतर आले आहे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवूनच पुढे जावे.

नागरी नोंदणी आणि चर्चची पुस्तके

पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूची नागरी नोंद गोव्यात रूढ झाली. ही पुस्तके तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयाच्या परंपरेतली आहेत. जन्माच्या एका नोंदीत आईवडिलांबरोबर अनेकदा दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे मिळतात, म्हणजे एकाच पानावर तीन पिढ्या. नोंद कधी कधी जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली असते, हे ध्यानात ठेवून शोधताना पुढची-मागची वर्षेही पाहावीत.

कॅथलिक कुटुंबांची वाट याहून लांब जाते. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाहाची पुस्तके ठेवणे चर्चवर बंधनकारक केले. गोव्यातील जुन्या चर्चपुस्तकांपैकी बरीच आता पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. हिंदू कुटुंबांसाठी त्या काळातील असा अखंड स्रोत नाही. त्यांना जमीन, गावकरी आणि देवस्थान या तीन वाटांनी मागे जावे लागते.

नोंदी वाचताना मोजकेच पोर्तुगीज शब्द लागतात. ‘फिल्यो’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ मुलगी, ‘नेतो’ नातू, ‘वियूवा’ विधवा, ‘जेंतियो’ म्हणजे हिंदू. ‘मोरादोर’ म्हणजे त्या गावी राहणारा आणि ‘नातुराल’ म्हणजे त्या गावचा मूळचा. या दोन शब्दांतील भेदामुळे कित्येकदा मूळ गावाचा पत्ता लागतो. मात्र ‘नातुराल’ हा शब्द ‘फिल्यो’ला लागून आला, तर त्याचा अर्थ विवाहाबाहेर जन्मलेले अपत्य असा होतो. घाईने केलेल्या भाषांतरात असा एक शब्द चुकला, तर वारसाहक्काचे प्रकरण भलत्याच वळणाला जाऊ शकते.

पुराभिलेखागारात काय आहे

गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ सालचा मानला जातो. बखरकार दियोगो द कौतो हे त्याचे पहिले दप्तरपाल. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तराची व्यवस्था लावली. त्यातील कागदांचा मार्गदर्शक असलेला त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो शोधकाचा पहिला सोबती ठरतो.

राजाशी झालेला पत्रव्यवहार ‘मोन्सोंइश’ म्हणजे मान्सूनच्या पुस्तकांत बांधलेला आहे. इतिहासकारांना त्याचे मोल मोठे असले, तरी सामान्य घराण्याचे नाव तिथे क्वचित सापडते. कुटुंबाच्या शोधाला उपयोगी पडतात ती जमिनीची ‘तोंबु’ व ‘फोराल’ नावाची पुस्तके, कोमुनिदादींचे हिशेब, नोटरींचे दस्त आणि इन्व्हेंटरीचे कागद. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज फोरालात नोंदवले. पुढे साष्टी व बार्देशमधील पाडलेल्या देवळांच्या जमिनी कुणाकडे होत्या, याच्याही याद्या झाल्या. देवळे गेली, पण देवांच्या शेतांची नावे अशा याद्यांत राहिली.

इन्व्हेंटरीच्या कागदांचे महत्त्व वेगळे आहे. पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि वारसांत मुलींनाही स्थान असल्यामुळे त्यांची नावे यादीत लिहिली गेली. छापील कुलवृत्तांतांत ज्या स्त्रियांच्या जागी केवळ ‘कन्या’ असा शब्द आढळतो, त्या इथे नाव, पतीचे नाव आणि सासरच्या गावासह भेटतात.

जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी

आपले गाव कोणत्या काबिजादीत होते, या प्रश्नावर शोधाची दिशा ठरते. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे महाल सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होते. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपे, सांगे आणि काणकोण हा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आला. त्यापूर्वी यातील काही भागावर सौंदेकर राजांची, तर काही भागावर सावंतवाडीच्या भोसल्यांची सत्ता होती. त्यामुळे पेडण्याच्या देसाई घराण्याची अठराव्या शतकातील सनद पणजीत मिळाली नाही, म्हणून ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. त्या काळासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह पाहावा लागतो. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात संपादित केले; मूळ मोडी कागदांकडे वळण्यापूर्वी ते चाळावेत.

गावकरी आणि महाजनकी

कोमुनिदादीत गावकरी हक्क वडिलांकडून मुलाकडे जातो. प्रत्येक वांगडातील गावकाराची नोंद झोण वाटण्यासाठी आवश्यक असल्यामुळे त्या याद्या म्हणजे पुरुषांच्या बाजूची वंशावळच होय. कोमुनिदादींच्या प्रशासकांची कार्यालये म्हापसा, पणजी व मडगाव येथे आहेत आणि जुने कागद पुराभिलेखागारात पाहावे लागतात. त्यांतील काही पोर्तुगीजमध्ये, काही मोडीत आणि काही कंदवी म्हणजे गोयकानडी लिपीत आहेत. ही शेवटची लिपी वाचणारे आता फार थोडे उरले आहेत.

देवस्थानांचा कारभार १९३३च्या माझानी नियमावलीनुसार चालतो आणि महाजनांच्या याद्या त्याचाच भाग आहेत. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला आला. म्हणून फोंडा तालुक्यातील देवस्थानच्या यादीतले नाव साष्टीतील मूळ गावाकडे बोट दाखवते. वेर्णेकर, लोटलीकर, केळेकर यांसारखी आडनावेही तेच सांगतात. परंतु आडनावावरून गाव ओळखणे हा अंदाज झाला, त्याला दुसऱ्या कागदाची पुष्टी हवी. गोकर्ण, त्र्यंबकेश्वर व हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतः सांगितलेली नावे असतात. अशी पुष्टी तिथे मिळू शकते.

एकच माणूस, अनेक नावे

पोर्तुगीज कारकुनाने भारतीय नाव आपल्या कानाने ऐकले आणि आपल्या लिपीत लिहिले. ‘श’ हा उच्चार त्या लिपीत एक्स या अक्षराने दाखवतात. म्हणून शंकर, शांबा, शाबी ही नावे सूचीत एस खाली न सापडता एक्स खाली सापडतात. शेणवी ‘सिनाय’ झाला, प्रभू ‘पोरोबो’ झाला, कामत ‘कामोती’ झाला. ‘कर’ या प्रत्ययापूर्वी अनेकदा एक अनुनासिक अक्षर शिरले. पुढे काही कुटुंबांनी ‘सिनाय’ टाकून केवळ गावाचे नाव ठेवले, तर त्याच घराच्या दुसऱ्या शाखेने ते कायम राखले. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी आणि परक्यांची सारखी दिसतात. शोधकाने प्रत्येक नावाची संभाव्य रूपे आधी लिहून काढावीत आणि त्या सर्वांखाली शोध घ्यावा.

ग्रंथालयाचे काम

पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी काही दिवस ग्रंथालयात घालवणे हिताचे. पणजीतील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ सालची आहे. तिथे गोव्याविषयीचे दुर्मिळ ग्रंथ, जुनी वृत्तपत्रे आणि सरकारी राजपत्राचे अंक आहेत. राजपत्र १८३७ पासून निघू लागले. त्यात नेमणुका, बदल्या, लिलाव आणि वारसांना उद्देशून काढलेल्या जाहीर सूचना छापल्या जात. १९००मध्ये सुरू झालेला ‘ओ हेराल्दो’ आणि केप्याच्या हेगडे देसाई यांचा ‘भारत’ अशा पत्रांतील निधनवार्ता व सत्काराच्या बातम्यांतूनही नातेसंबंध उलगडतात. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आहे, तर पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे ग्रंथालय चर्चच्या इतिहासासाठी उपयोगी पडते.

दप्तरात अर्ज करताना ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असे लिहिले, तर हाती काहीच येत नाही. गाव, कागदाचा प्रकार आणि वर्षांची मर्यादा ही तीन अंगे अर्जात असावीत. पाहिलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, क्रमांक आणि पान टिपून ठेवावे. जिथे काही मिळाले नाही तेही लिहावे, म्हणजे पुढच्या पिढीला तेच पान पुन्हा उलटावे लागणार नाही. न्यायालयासाठी कागद हवा असेल, तर प्रमाणित प्रतच उपयोगी पडते.

ज्यांची नावे नाहीत

एवढे सारे दप्तर असूनही गोव्यातील मोठा समाज त्यात जवळजवळ अदृश्य आहे. ज्याच्याकडे जमीन होती, ज्याला झोण मिळत होते, ज्याने दस्त केला, त्याचे नाव राहिले. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहिलेला मुंडकार, दुसऱ्याचे शेत कसणारा कूळ, खाजनाचे बांध राखणारा मजूर यांची नावे कुणी लिहिली नाहीत. पुष्कळ कुटुंबांचा पहिला ठळक कागद मुक्तीनंतरचा आहे. १९६४च्या कूळ कायद्याखालील नोंद किंवा १९७५च्या मुंडकार कायद्यानुसार मामलेदार कचेरीत तयार झालेली नोंदवही हाच त्यांचा आरंभबिंदू. कलावंत समाजातील जुन्या नोंदींत वडिलांच्या नावाची जागा रिकामी आढळते आणि वंश आईच्या नावाने पुढे जातो. ती रिकामी जागा त्या कुटुंबाची लाज मानण्याचे कारण नाही. नोंदवही कुणाच्या सोयीने आखली गेली, याचा तो पुरावा आहे.

अशा कुटुंबांसाठी कागद आजच तयार करावा लागेल. आजीने सांगितलेली नावे, घर कुणाच्या भाटात होते, कोणत्या शेतात कोण राबले, हे तारीख घालून लिहून ठेवले आणि सांगणाऱ्याचे नाव त्याखाली नोंदवले, तर पन्नास वर्षांनी तोच अस्सल साधनग्रंथ ठरेल.

पावसाळी दमट हवा आणि वाळवी जुन्या कागदाला सोडत नाहीत. पोर्तुगीजमध्ये शिकलेली पिढी आता थकली आहे आणि मोडी व कंदवी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. कागद शाबूत राहिला आणि वाचणारा गेला, तरी पूर्वजांची नावे मुकीच राहतील. म्हणून ज्या घरात अजून कुणी ती अक्षरे वाचू शकते, त्या घरातील पेटी येत्या पावसापूर्वी उघडली जावी.