हिंगोलीच्या छावणीला न दिसलेला शत्रू

१/ कळमनुरीपासून वीसेक किलोमीटरवर असलेली हिंगोली ही एकोणिसाव्या शतकात निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेची छावणी होती. शत्रूची रीत बदलली की गुप्तवार्ता गोळा करणाऱ्यांना आपले काम नव्याने कसे शिकावे लागते, हे या छावणीच्या बाजारात दिसून आले.

२/ या फौजेला ठाऊक असलेला शत्रू उघड दिसणारा होता. जानेवारी १८१९ मध्ये तिने हटकरांचे नाईक नोवसाजी यांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. अशा लढाईत हेराला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात : आत माणसे किती, दाणागोटा किती दिवसांचा, तट कोठे कच्चा.

३/ पुढे छावणीतील हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. तो मिळाला. ते कापड वास्तविक दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने त्याला नोकरांसह वाटेत ठार केले आणि माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणून उघडपणे विकला.

४/ हे सांगतो फिलिप मेडोज टेलर, १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत. त्याने स्वतः या हरिसिंगाशी व्यवहार केला होता. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले. प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली होती. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या, तेव्हा टेलर तेथे हजर होता. कादंबरीपेक्षा ही प्रस्तावनाच अधिक अस्वस्थ करते, असे माझे मत.

५/ पहारा जागाच होता. पण तो बाहेर पाहत होता, आणि परवाना असलेल्या माणसावर संशय घेण्याची शिकवण कोणालाच नव्हती.

६/ ही शिकवण तयार केली विल्यम स्लीमनने. तो मूळचा बंगाल फौजेतील शिपाईगडी. नेपाळच्या युद्धात लढलेला. ठगांच्या कबुल्या वेगवेगळ्या घेऊन त्या एकमेकींशी ताडून पाहणे, ठग कुटुंबांच्या वंशावळी मांडणे, खुनांच्या जागा नकाशावर उतरवणे, ही त्याची पद्धत. सुट्या बातमीला अर्थ येतो तो अशा जुळवणीतून.

७/ १८३६ मध्ये त्याने ‘रामासीआना’ हा ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश छापला. ‘सोठा’ म्हणजे वाटसरूला बोलण्यात गुंतवणारा, ‘बेले’ म्हणजे खुनाची जागा. दूरदूरच्या अधिकाऱ्यांना एकाच नजरेने पाहायला शिकवणारे हे जणू पाठ्यपुस्तकच होते.

८/ मात्र त्या नजरेतही धोका होता. माहिती देणारे स्वतः कैदी होते. नवी नावे देण्यावर त्यांचा जीव अवलंबून होता. शिवाय १८३६ च्या तिसाव्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला आणि त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप ठेवली. राधिका सिंघा, किम वाग्नर यांसारख्या इतिहासकारांनी या साऱ्या पुराव्याची कठोर फेरतपासणी केली आहे.

९/ ठगी-दरोडे खाते १९०४ मध्ये मोडले व त्याच्या जागी केंद्रीय गुन्हेगारी गुप्तवार्ता खाते आले. हिंगोलीत कबुलीच्या जोडीला जमिनीतून निघालेली प्रेते होती. इतर अनेक खटल्यांत एकमेकींशी जुळणाऱ्या साक्षींखेरीज फारसे काही नव्हते.