आईच्या पेटीतील वारसा : घरगुती परंपरा आणि ख्रिस्तसभेची स्मृती

आईच्या निधनानंतर सातव्या दिवसाची मिस्सा आटोपते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरात एक काम उरते, ते आईची पेटी उघडण्याचे. आम्हां धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना अशा प्रसंगी घरात बसण्याचा योग पुष्कळदा येतो. पेटीत फारसे काही नसते. मणी झिजलेली एक जपमाळ, कडा कुरतडलेले प्रार्थनापुस्तक, त्यात जपून ठेवलेली मृतांची स्मरणचित्रे, लग्नातील लाल साडो, क्वचित एखादी सोन्याची बांगडी. बांगडीची वाटणी कशी करायची हे कुटुंबाला ठाऊक असते. तुटलेल्या जपमाळेचे काय करायचे, हे मात्र ते आम्हांला विचारतात. या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही अनेकदा घाई करतो. "पुरून टाका किंवा जाळून टाका, आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नये," एवढे सांगून आम्ही उठतो. उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

प्रारंभ पवित्र शास्त्रापासूनच करू. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण करताना प्रेषित त्या विश्वासाचा उगम सांगतो. तो आधी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग आई युनीके हिच्या ठायी. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायावरून कळते, की युनीके विश्वास ठेवणारी यहुदी स्त्री होती आणि तीमथ्याचा पिता ग्रीक होता. पित्याच्या विश्वासाविषयी शास्त्र काहीच सांगत नाही. बालपणापासून तीमथ्याला पवित्र शास्त्राची ओळख होती असे तेच पत्र पुढे सांगते, तेव्हा ती ओळख कोणत्या पाठशाळेत झाली हे वेगळे सांगायला नको. ज्याच्यावर प्रेषिताने हात ठेवले, त्याच्या डोक्यावर त्याआधी दोन स्त्रियांचे हात ठेवलेले होते. दीक्षेचा क्रम आपण सभेच्या नोंदवहीत लिहितो. विश्वासाचा क्रम मात्र त्याच्या बराच आधी, घरात सुरू झालेला असतो.

दुसरे उदाहरण संत मोनिकेचे. संत ऑगस्टीनच्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या सहाव्या भागात एक छोटासा प्रसंग आहे, आणि पौरोहित्याचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने तो मुद्दाम वाचावा असे आम्हांला वाटते. मोनिका आफ्रिकेहून मिलान येथे मुलाकडे आली होती. तिच्या देशात हुतात्म्यांच्या स्मृतिस्थळी खीर, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जाण्याची रीत होती. त्याप्रमाणे ती टोपली घेऊन निघाली, पण द्वारपालाने तिला अडवले, कारण धर्माध्यक्ष संत आम्ब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. काही जणांना त्या निमित्ताने मद्यपानाची संधी मिळत असे, आणि मूर्तिपूजकांच्या पितृविधींशी या प्रथेचे साम्य होते. मोनिका निमूटपणे परतली. मात्र तिने स्मरण सोडले नाही. टोपलीऐवजी ती प्रार्थनेने भरलेले हृदय घेऊन जाऊ लागली आणि टोपलीतील अन्न गरिबांकडे वळले.

येथे ऑगस्टीन एक मार्मिक शंका नोंदवतो. हीच आज्ञा दुसऱ्या कोणी केली असती, तर आपल्या आईने ही रीत इतक्या सहज सोडली असती असे त्याला वाटत नाही. आम्ब्रोजवर तिचे प्रेम होते, कारण त्यांच्याच द्वारे तिच्या मुलाला तारणाचा मार्ग दिसू लागला होता. म्हणजे प्रथा बदलली ती निव्वळ आज्ञेच्या बळावर नव्हे, तर विश्वासाच्या नात्याने. इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मोनिकेचे निधन झाले. पतीशेजारी पुरले जाण्याची तिची जुनी इच्छा होती. शेवटी तिने तीही सोडली आणि मुलांना सांगितले, की देह कोठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. जी स्त्री हुतात्म्यांच्या स्मरणासाठी टोपली घेऊन निघाली होती, तिने स्वतःसाठी कबर मागितली नाही, स्मरण मागितले.

आता आपल्या भूमीकडे वळू. १५६० साली गोव्यात सुरू झालेल्या धर्मन्यायासनाने (इन्क्विझिशनने) १४ एप्रिल १७३६ रोजी एक फर्मान काढले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे त्यातील तपशील अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. लग्नातील देशी वाद्ये, विडा-सुपारी आणि फुलांची देवघेव, वधूवरांना हळद, तेल आणि नारळाचा रस लावणे, ओव्या गाणे, अंगणातील तुळस, एकादशीचा उपवास अशा गोष्टींची त्यात मोठी यादी आहे. यादी वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. यातील बहुतेक गोष्टी घराच्या आत, माजघरात, अंगणात घडणाऱ्या आहेत आणि बहुतेक स्त्रियांच्या हातच्या आहेत. १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध निघालेला हुकूम बोलीवर होता. १७३६ चे फर्मान स्वयंपाकघरापर्यंत आले.

या यादीतील साऱ्याच गोष्टी निर्दोष होत्या असे आमचे म्हणणे नाही. एकादशीचा उपवास आणि लग्नातील नारळाचा रस यांची धार्मिक प्रत एकच नव्हे, आणि भेद करणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्यच आहे. परंतु मिलान आणि गोवा यांतील फरक याच ठिकाणी स्पष्ट होतो. आम्ब्रोज यांनी एका रीतीला मर्यादा घातली आणि तिच्या गाभ्यातील स्मरण व दान शिल्लक राहू दिले. फर्मानाने गाभा आणि टरफल यांत भेद केला नाही, आणि त्याच्या पाठीशी प्रेम नव्हते, भय होते. धर्मन्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. रोस मात्र आजही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला आणि वराला नारळाचा रस लावला जातो, आजोळच्या मंडळींच्या साक्षीने चुडो भरला जातो, ओव्या गायल्या जातात आणि अनेक घरांत घराण्यातील मृतांच्या स्मरणार्थ भिकाऱ्यांचे जेवण घातले जाते. या शेवटच्या रीतीत मोनिकेची टोपली ओळखू येते. स्मरण आहे, अन्न आहे आणि ते अन्न गरिबांच्या पानात पडते आहे. फर्मान काढणाऱ्यांची नावे संशोधकांनाच ठाऊक आहेत. या रीती ज्यांनी राखल्या त्यांची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत, पण त्या कोणाच्या तरी आया होत्या एवढे निश्चित.

ओवीचा इतिहासही या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी मराठीत रचला, कारण नवख्रिस्ती जनांना जुन्या पुराणांच्या जागी त्यांच्याच कानाला ओळखीचे असे काही हवे होते. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही. गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि अशा प्रतींच्या आधारे १९०७ साली जोसेफ साल्दाना यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला. छापखान्याला जे राखता आले नाही, ते घराने राखले. म्हणूनच एखाद्या कुटुंबाच्या पेटीतील जुनी वही किंवा हस्तलिखित आम्हांला कोणी दाखविले, तर "जुनाट आहे" म्हणून ते बाजूला सारण्याचा अधिकार आम्हांला नाही.

परंतु आईच्या आठवणीच्या नावाखाली घरातील प्रत्येक रूढीला पवित्र मानणे हाही प्रमादच होय. ज्या हातांत लग्नात चुडो भरला जातो, त्याच हातांतील बांगड्या पतीच्या शवपेटीवर फोडण्याची चाल आपल्या समाजात होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. पुनरुत्थानाची आशा बाळगणाऱ्या सभेत विधवेच्या शोकावर असा शिक्का मारणे उचित नाही. तसेच कोणाशी सोयरीक करावी, कोणाच्या घरचे पाणी घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये, हा जातिभेदाचा धडाही मुलांनी घरातच घेतलेला असतो आणि तोही बहुधा माउलीच्या मायेतूनच. ही कबुली द्यायला आम्हांला संकोच वाटू नये. वारसा म्हणजे संपत्तीबरोबर कर्जही. जे टिकवायचे ते मोनिकेच्या कसोटीवर टिकवावे. या रीतीने आपण देवाकडे वळतो का आणि गरिबाच्या पानात अन्न पडते का, एवढे दोन प्रश्न पुरेत.

आणखी एका आईचे स्मरण येथे आवश्यक वाटते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना संस्कृत शिकविले ते त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. पिता अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, म्हणून हे काम आईकडे आले. पहाटे पक्ष्यांच्या किलबिलाटात आई आपल्याला गोड शब्दांनी जागे करी आणि शिकवी, अशी आठवण रमाबाईंनी पुढे लिहिली आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात मातापिता दोघेही गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १८८७ साली प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केले. लक्ष्मीबाईंना ख्रिस्त ठाऊक नव्हता. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल तयार करणाऱ्या कन्येच्या हाती भाषेचे पहिले साधन त्यांनीच दिले होते. आपल्या सभांत असे अनेक जण आहेत, की ज्यांच्या आईचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तिचे नाव मिस्सेत घ्यावे की नाही, असे ते दबल्या आवाजात विचारतात. रमाबाईंनी ते नाव पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापले. आम्हीही त्यांना निःशंकपणे सांगावे, की तिच्यासाठी प्रार्थना करा आणि तिच्याबद्दल देवाचे आभार माना.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. त्याच्या आदल्या वर्षी उपासनेविषयीच्या संविधानात लोकांच्या चालीरीतींपैकी जे अंधश्रद्धेशी अविभाज्यपणे जोडलेले नाही, त्याचा सहानुभूतीने विचार करण्यास सांगितले. १७३६ च्या फर्मानानंतर सव्वादोनशे वर्षांनी आलेले हे शब्द आपल्या प्रदेशात केवळ धोरण म्हणून वाचता येत नाहीत. ते एका अर्थाने क्षमायाचनाही आहेत, आणि ती क्षमा ज्यांच्याकडे मागायची त्या स्त्रिया आता कबरीत आहेत. त्यांच्या लेकीसुना मात्र आपल्या समोरच्या बाकांवर बसलेल्या आहेत.

तेव्हा पेटीपाशी आपण पुन्हा येऊ. पुढच्या वेळी एखादे कुटुंब तुटलेली जपमाळ घेऊन येईल, तेव्हा आम्ही आधी बसावे आणि विचारावे, की आई ही माळ केव्हा जपत असे, कोणासाठी जपत असे, आणि तेर्स संपल्यावर मुलांना बेसांव कोण देत असे. धर्मशिक्षकांनी वर्गातील मुलांना घरी जाऊन आजीला एवढेच विचारण्यास सांगावे, की तुला प्रार्थना कोणी शिकविली? जी नावे मिळतील ती मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, वेदीपाशी वाचावीत. त्या दिवशी ऐपतीप्रमाणे चार गरिबांना जेवू घालावे. मग ती माळ पुरायची की ओवून घेऊन नातीच्या हाती द्यायची, हे कुटुंबच ठरवील. आमचा अनुभव असा, की एवढे बोलणे झाल्यावर ती सहसा पुरली जात नाही.