अ‍ॅनी मूर नेमकी कोणती?

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांच्या तपासणीचे नवे केंद्र उघडले. ‘नेवाडा’ ही आगबोट आदल्या संध्याकाळीच बंदरात येऊन थांबली होती. तिच्यावरील प्रवाशांपैकी सर्वांत आधी नोंदली गेली ती आयर्लंडमधील कॉर्कची अ‍ॅनी मूर. सोबत तिचे दोन धाकटे भाऊ होते, अँथनी आणि फिलिप. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. इथवरच्या हकिकतीबद्दल वाद नाही. मात्र त्या दिवशी तिचे वय किती होते आणि पुढे तिचे काय झाले, या दोन साध्या प्रश्नांची चुकीची उत्तरे दीर्घकाळ खरी मानली गेली. ती कशी खोडली गेली हे तपासताना आयरिश पूर्वजांच्या शोधात कोणत्या कागदाला किती वजन द्यावे, हेही कळते.

आधी वयाचा प्रश्न घेऊ. बोटीच्या प्रवासी यादीत तिचे वय १३ आहे. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी त्याच दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस असल्याचे छापले. दोन्ही कागद समकालीन आहेत आणि दोन्ही एकमेकांशी विसंगत. यादी प्रवाशांनी तोंडी सांगितलेल्या माहितीवरून भरली जाई. बातमीदाराला नववर्ष, नवे केंद्र आणि वाढदिवस असा तिहेरी योग साहजिकच मोहात पाडणारा होता. यांपैकी कोणी जन्माचा दाखला पाहिला असावा असे मानायला आधार नाही. आयर्लंडमधील नोंदी मात्र तिचा जन्म १८७४ मधला ठरवतात. म्हणजे एलिस बेटावर ती १७ वर्षांची होती, आणि वाढदिवसही त्या दिवशी नव्हता. यादीत वय कमी का सांगितले गेले, याविषयी फक्त तर्क करता येतो. जन्मवर्ष मात्र निश्चित आहे, कारण ती नोंद जन्माच्या काळी झाली आणि तिला बातमी सजवण्याची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. एलिस बेटाची अ‍ॅनी पुढे टेक्सासला गेली, ओकॉनेल नावाच्या गृहस्थाशी तिचे लग्न झाले आणि फोर्ट वर्थजवळ अपघातात तिचा मृत्यू झाला, असे मानले जाई. त्या नावाची स्त्री टेक्सासमध्ये खरोखर होती. तिच्या घरात ही आठवण श्रद्धेने सांगितली जात होती आणि समारंभांतूनही ती स्वीकारली गेली होती. वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी एका माहितीपटाच्या निमित्ताने कागद तपासले, तेव्हा टेक्सासच्या अ‍ॅनीचा जन्म अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातला निघाला. नाव तेच, आडनाव तेच, पण ही मुलगी कॉर्कहून आलेली असणे शक्य नव्हते.

मग खरी अ‍ॅनी कुठे गेली? स्मोलेन्याक यांनी पुराव्यासाठी हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांना फिलिप मूरचा नागरिकत्वाचा कागद सापडला आणि भावाच्या बाजूने धागा पुढे सरकला. अ‍ॅनी मॅनहॅटन सोडून कुठे गेलीच नव्हती. फुल्टन मासळी बाजारात काम करणाऱ्या जोसेफ शायरशी तिचे लग्न झाले. तिला किमान ११ मुले झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. १९२४ मध्ये, पन्नाशीत, ती वारली आणि क्वीन्समधील कॅलव्हरी दफनभूमीत पुरली गेली. कबरीवर नाव नव्हते. २००८ मध्ये तिथे आयरिश चुनखडीचा क्रूस उभारला गेला.

या उलगड्यात निर्णायक ठरले ते भावाचे नाव. अ‍ॅनी मूर या नावाच्या कितीतरी स्त्रिया अमेरिकेत असतील. फिलिप आणि अँथनी हे दोन भाऊ असलेली, कॉर्कची अ‍ॅनी मूर मात्र एकच निघण्याची शक्यता फार मोठी. आयर्लंडच्या कॅथॉलिक धर्मग्रामांच्या, म्हणजे पॅरिशांच्या, नोंदवह्या मोलाच्या ठरतात त्या याच कारणाने. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचे नाव आणि वडिलांचे नाव तर असतेच. सहसा आईचे माहेरचे आडनावही असते. शिवाय धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे असतात, आणि ही माणसे पुष्कळदा काका, मावशी किंवा शेजारी असत. कुठे वाडीचेही नाव दिलेले असते. विवाहाच्या नोंदीत साक्षीदार भेटतात. एकाच आईबापांची मुले वर्षानुवर्षांच्या पानांतून गोळा केली की नावापलीकडचे कुटुंब दिसू लागते. त्याच वाडीतली, त्याच नावाची दोन कुटुंबे वेगळी करायला बहुधा आईचे माहेर हाच एक उपाय उरतो.

या वह्यांवर इतका भार का, याचे उत्तर आगीत आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीच्या लढाईत, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीत स्फोट होऊन तिथले सरकारी अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. संपूर्ण हाती उरतात त्या १९०१ आणि १९११ च्याच. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. म्हणजे १८४५ च्या दुष्काळात देश सोडणाऱ्या पिढीच्या जन्माचा पुरावा असेल तर तो प्रामुख्याने चर्चमध्येच.

अँग्लिकन पॅरिशांपैकी ज्यांनी मूळ वह्या डब्लिनला जमा केल्या होत्या, त्यांपैकी बहुतेकांच्या जळाल्या. कॅथॉलिक वह्या सरकारने मागवल्याच नव्हत्या, म्हणून त्या पाद्रींच्या घरी सुरक्षित राहिल्या. क्वचित अँग्लिकन वहीही गावातच राहून वाचली. बराक ओबामांच्या आईकडचे पूर्वज फॅल्मथ कर्नी हे १८५० मध्ये मनीगॉलहून अमेरिकेला गेले होते. त्यांच्या कुटुंबाच्या नोंदी तिथल्या धर्मगुरूंना २००७ मध्ये अशाच वाचलेल्या वह्यांत मिळाल्या. कॅथॉलिक वह्यांच्या सूक्ष्मफिती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या. एक हजारांहून अधिक पॅरिशांची, सुमारे १८८० पर्यंतची, पावणेचार लाखांच्या आसपास छायाचित्रे तिथे पाहता येतात.

तरीही या वह्या डोळे मिटून वापरण्याजोग्या नाहीत. ग्रामीण पश्चिमेकडच्या अनेक पॅरिशांत नोंदी १८२० नंतरच सुरू होतात. मध्येच काही वर्षे गायब असतात. दफनाच्या नोंदी तुरळक आहेत. अनेक पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, त्यामुळे घरचा जेम्स कागदावर ‘याकोबुस’ होतो. कॅथॉलिक पॅरिशाची हद्द आणि जमीनमोजणीतल्या पॅरिशाची हद्द पुष्कळदा वेगळी असते. ते ध्यानात न आल्यास माणूस चुकीची वही चाळत बसतो. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. १८६४ नंतरच्या काही मुलांचा तर बाप्तिस्मा आधी आणि सरकारी दफ्तरातला जन्म नंतर, अशी उलटापालट दिसते. उशिरा नोंद केल्यास दंड होता आणि तो चुकवायला आईबाप जन्मतारीख पुढे ढकलत. अशा वेळी चर्चची तारीख अधिक विश्वासार्ह मानावी, कारण ती बदलण्यात कोणाचा फायदा नव्हता.

जळालेल्या जनगणनेचेही काही तुकडे अनपेक्षित जागी मिळतात. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धवेतन मिळू लागले, पण वयाचा दाखला कोणाकडे होता? मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत अर्जदाराचे बालपण शोधण्याचे अर्ज अभिलेखागाराकडे येऊ लागले. कारकून कुटुंब शोधून निष्कर्ष त्या अर्जावर लिहीत. जनगणना जळाली, पण हे अर्ज उरले, आणि आज जाणकार संशोधक पॅरिशातली नोंद या अर्जांशी ताडून पाहतात. त्याच काळाचा दुसरा परिणामही लक्षात ठेवावा. १९०१ आणि १९११ या दहा वर्षांत पुष्कळ वृद्धांचे वय कागदावर दहाहून अधिक वर्षांनी वाढले आहे. वृद्धवेतनाची ओढ हे त्याचे संभाव्य कारण. प्रत्येक घराबाबत ते सिद्ध करता येत नाही.

म्हणून शोध सुरू करणाऱ्याने प्रथम अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले कागद संपवावेत. नागरिकत्व, विवाह, मृत्यू आणि कबर यांतून गावाचे किंवा निदान परगण्याचे नाव मिळाल्याशिवाय आयरिश वहीला हात घालू नये. वहीत जुळणारे नाव सापडले की लगेच आनंद न मानता आईचे माहेर, भावंडे, धर्ममातापिता यांपैकी किमान दोन स्वतंत्र दुवे तपासावेत. ते जुळेपर्यंत त्या नावापुढे ‘संभाव्य’ असेच लिहावे आणि घरातली आठवण कितीही लाडकी असली तरी तिला पुरावा म्हणू नये.