एक नाव, दोन भाषा



ज्या गावाच्या रेल्वे स्टेशनावर वडसा आणि तहसिलीच्या शिक्क्यावर देसाईगंज असे लिहिलेले असते, त्या गावाला ‘वस्तू एक, नावे दोन’ हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. आज ज्या इतिहासाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे, त्यात प्रकार नेमका उलट आहे. तेथे नाव एकच होते आणि त्या नावाच्या भाषा मात्र अनेक होत्या. ते नाव म्हणजे कोबॉल. संगणकाला हिशेबाच्या आज्ञा ज्या भाषेत लिहून द्यावयाच्या, ती ही भाषा.

संगणकाच्या आरंभीच्या काळात प्रत्येक कारखानदाराचे यंत्र निराळे आणि त्याची भाषाही निराळी असे. यंत्र बदलले की सारी आज्ञावली पुन्हा लिहावी लागे. हा खर्च वाचावा म्हणून १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक भरली आणि व्यापारी हिशेबांसाठी एक सामाईक भाषा करण्याचे ठरले. १९६० च्या डिसेंबरात तीच आज्ञावली, किरकोळ फेरफार करून, आर.सी.ए. आणि युनिव्हॅक अशा दोन भिन्न यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. आता भाषांतराची कटकट मिटली, असे तेव्हा कोणास वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ती मिटली नव्हती. भाषेचे नियम करणाऱ्यांनी काही गोष्टी यंत्र बनविणाऱ्यांच्या मर्जीवर सोडल्या होत्या. एखादी संख्या ‘कॉम्प्युटेशनल’ आहे असे लिहिले, तर ती यंत्राच्या पोटात कशी साठवावी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांनी ती द्विमान पद्धतीने साठविली. बरोज कंपनीच्या मध्यम यंत्रांनी दशमान अंक एकेक करून ठेवले. शब्द तोच, अर्थ मात्र वेगळा. पुढे बरोजच्या घरातच दोन चुली झाल्या. तिच्या मध्यम यंत्रांची स्मृती दशमान अंकांनी मोजली जाई, तर १९७२ मध्ये आलेल्या लहान यंत्रांत ती थेट एकेका बिटाने मोजता येई. साहजिकच दोघांच्या कोबॉलमध्येही अंतर पडले.

हे अंतर किती फसवे असते, हे आपल्या झाडीपट्टीत सहज पटेल. झाडीबोलीत ‘ण’ नाही. पाण्याचे ‘पानी’ होते आणि मणभर धान ‘मनभर’ होते. ही बोली पुस्तकी मराठीत आणावयाची, म्हणून एखाद्याने ‘न’ दिसेल तेथे ‘ण’ घालण्याचा नियम केला, तर ‘पानी’ सुधारेल, धानाचे मापही सुधारेल. पण मनातले दुःख ‘मणातले’ होऊन बसेल. येथे नियम पुरा पडत नाही. बोलणारा तोलतो आहे की हळहळतो आहे, हे समजावे लागते. नाटक मंडळ्यांच्या या गावात हे आणखी काय सांगावे?

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था स्थापन झाली व फकीरचंद कोहली यांनी ती वाढविली. १९७४ साली बरोज कंपनीने तिला एक काम दिले. रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली मध्यम यंत्राच्या कोबॉलमध्ये होती, ती लहान यंत्राच्या कोबॉलमध्ये न्यावयाची होती. त्या काळी संगणक आणावयाचा तर परकीय चलन हवे, परवाना हवा, आणि निर्यातीची हमीही द्यावी लागे. हे काम झाले ते मुंबईतील आय.सी.एल. १९०३ या यंत्रावर, म्हणजे तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर. ज्या यंत्राची बोली लिहावयाची ते समोर नाही. अशा स्थितीत शब्दाशब्दाचा अर्थ आधी माणसाच्या डोक्यातच पक्का व्हावा लागतो.

परदेशी विकल्या गेलेल्या भारतीय आज्ञावलींच्या इतिहासात हे प्रकरण अगदी आरंभीचे आहे. तो आरंभ नव्या शोधाने झाला नाही, तर दोन सख्ख्या भाषांमधील भाषांतराने झाला, ही गोष्ट पुष्कळांना कमीपणाची वाटते. मला तसे वाटत नाही. हे काम कारकुनी दिसते खरे. पण अनोळखी भाषेत माणूस जपून पाऊल टाकतो, ओळखीच्या भाषेत गाफील राहतो. भाषांतरात व्याकरणाची चूक झाली तर यंत्र अडते व चूक सापडते. अर्थाची चूक झाली तर यंत्र अडत नाही. ते मुकाट्याने चुकीची बेरीज छापते, आणि ते बिल एखाद्या रोग्याच्या हाती पडते.

आज अशी भाषांतरे यंत्रे स्वतःच झपाट्याने करू लागली आहेत. त्यांचा वेग आपण जरूर घ्यावा. मात्र केलेले काम तपासावयास बसणाऱ्याने प्रत्येक ओळीपाशी आपला जुना प्रश्न विचारावा: येथे लिहिलेले ‘मन’ तराजूतले आहे की माणसातले? त्याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याच्याच सहीने ते काम पुढे जावे, एवढेच माझे सांगणे आहे.