टेंभूपासून सदाशिव पेठेपर्यंत

मुलगा पुण्यात मोठमोठ्या परीक्षा देतोय, आता भल्या पगाराची नोकरी लागेल आणि घराचे दिवस पालटतील, अशी आशा कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातल्या एका आईने धरली असेल तर नवल नाही. मुलाने एम.ए.च्या अभ्यासात असतानाच पत्र लिहून तिला सावध केलं. पोटापुरतं मिळवेन, बाकीचा वेळ लोकांसाठी घालवेन, असं त्याने कळवलं. हा मुलगा म्हणजे १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर. पत्राचं कौतुक त्यागासाठी होतं आणि ते योग्यच आहे. पण कृष्णाकाठच्या गरीब घरात परीक्षा आणि सरकारी चाकरी यांची गाठ तेव्हाच किती घट्ट बसली होती, हेही त्यातून कळतं.

ही गाठ इंग्रजी अमलातली. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि वतन-वशिल्याच्या शेजारी हळूहळू प्रमाणपत्र येऊन बसलं. सगळ्यात वरची परीक्षा आय.सी.एस.ची. १८५५ पासून ती खुली झाली, पण व्हायची लंडनला. १८६९ मध्ये श्रीपाद बाबाजी ठाकूर ती उत्तीर्ण झाले, तर वयाच्या नोंदीवरून त्यांना आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना अपात्र ठरवण्यात आलं. झगडून त्यांना आपली जागा परत मिळवावी लागली. वयाचा दाखला आणि त्यावरून होणारी अडवणूक आजच्या उमेदवारालाही नवी नाही. १९१८ मध्ये महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख या परीक्षेत पहिले आले. १९२२ पासून ती भारतातही होऊ लागली. तरी सातारच्या शेतकऱ्याच्या पोराच्या आवाक्यात होती ती मराठी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’. ती पास झाली की मास्तरकीची वाट उघडायची आणि ‘फायनल पास’ माणसाचा शब्द गावात चालायचा.

शेतकऱ्याच्या मुलाला याहून पुढची वाट करून दिली ती भाऊराव पाटलांनी. त्यांचं घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या माणसाने ओगले आणि किर्लोस्कर या कारखान्यांसाठी विक्रेत्याचं काम केलं आणि १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसत, स्वयंपाक करत, शेतात राबत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही रीत झाली. तिचं एक मोल फारसं सांगितलं जात नाही. पुस्तकाबरोबर फावडंही हाती घेतलेला मुलगा परीक्षेत नापास झाला, तरी निकम्मा ठरत नव्हता.

नापासांचा इतिहास कुणी लिहिला नाही. शाळांच्या फलकांवर पहिल्या आलेल्यांची नावं झळकतात. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, औंधला शिकलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला अडकले, आणि पुढे मराठी गाणं त्यांच्या लेखणीवर कितीतरी वर्षं चाललं. अर्थात प्रत्येक नापास मुलगा गदिमा होत नाही. म्हणून हा दाखला देऊन कुणाची समजूत घालणं त्याच्यावर अन्यायच ठरेल.

सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली झाला. त्याच वर्षी, १ मे रोजी, राज्याबरोबर एमपीएससीही आली. १९७९ पासून केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेचे पेपर मराठीतून लिहिता येऊ लागले, हा खेड्यातल्या मुलांसाठी मोठा बदल होता. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात शेतीवर भरवसा ठेवता येत नव्हता. कुणी फौजेत गेला, कुणी मुंबईच्या गिरणीत, तर विटा-खानापूरकडची पोरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. परीक्षा ही त्याच पोटापाण्याच्या वाटांमधली एक झाली. माणदेशाला लोक अधिकाऱ्यांची खाण म्हणतात, त्यामागे हा दुष्काळ आहे. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील १९९७ च्या तुकडीत आयपीएस झाले. २०१६ मध्ये त्यांचं ‘मन में है विश्वास’ आलं आणि अभ्यासिकांमधून हातोहात फिरलं.

मग पुणं आलं. सदाशिव पेठेतली कॉट, मेसचं कार्ड, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, ‘प्री निघाली, मेन्स गेली’ ही भाषा. २०१६ मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली. संधी वाढली, तशी वाट पाहण्याची वर्षंही वाढली. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एवढ्या गर्दीत जो राहून जातो तो आळशी होता, असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पोस्ट निघाली की गावात फ्लेक्स लागतो, गुलाल उधळतो, जेसीबीवरून फुलं पडतात. त्याच आळीतला दुसरा मुलगा यात्रेलासुद्धा घरी येईनासा होतो, कारण पारावर पहिला प्रश्न निकालाचाच असतो. त्याला परीक्षेइतकीच या प्रश्नाची धास्ती असते. जुन्या मुलांकडे निदान वसतिगृहाचं शेत होतं. तिशीत परतणाऱ्या या मुलाच्या हाती घटना, अर्थशास्त्र, जमीन महसुलाचे कायदे यांचं भरपूर ज्ञान आहे आणि ते वापरायला एकही जागा नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, तालुक्याची अभ्यासिका, शेतकरी कंपनी यांना असा माणूस हवा असतो, पण बोलावत कुणी नाही.

म्हणून सातारा-सांगलीच्या शिक्षणसंस्थांनी ‘कमवा आणि शिका’ स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी नव्याने उभं करावं. आईवडिलांनी मुलाला पुण्याला पाठवतानाच किती वर्षं द्यायची आणि पुढे काय करायचं, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावं. मुलगा घरी आला तर आधी जेवला का ते विचारावं. आणि कुणाचं मन फारच खचलं असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.