सीलंट, इंधनवाहिनीच्या जोडांसाठी

मोटारगाडीच्या टाकीपासून इंजिनापर्यंत इंधन नेणाऱ्या नळ्या, पंप, फिल्टर आणि इंजेक्टरची रेल यांच्या जोडांतून गळती होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचे द्रव्य वा फीत. टेफ्लॉन टेप, टेफ्लॉनयुक्त पेस्ट आणि हवा तुटल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारे अ‍ॅनारोबिक सीलंट हे त्याचे प्रचलित प्रकार. दुकानात प्रश्न विचारला जातो तो कोणते सीलंट चांगले, असा. त्याआधी समोरचा जोड इंधन नेमके कोठे अडवतो, हे पाहिले पाहिजे; कारण गाडीतल्या बहुतेक इंधनजोडांत ते काम आट्यांकडे नसते.

३७ अंशांच्या फ्लेअर जोडात नट फक्त दाब देतो. इंधन अडते ते नळीच्या पसरट तोंडावर, धातूला धातू भिडून. बँजो बोल्टमध्ये हे काम दोन्ही बाजूंचे तांब्याचे वा अ‍ॅल्युमिनियमचे वायसर करतात, सरळ आट्यांच्या फिटिंगमध्ये ओ-रिंग करते. कॉमन रेल डिझेल इंजिनातला १,६०० बार आणि त्याहून अधिक दाबही धातूच्या शंकूवरच पेलला जातो. अशा जोडांच्या आट्यांना सीलंट लावून काही साधत नाही. उलट आटे गुळगुळीत होतात, पान्याच्या तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि फ्लेअर चिरण्याची भीती वाढते. सीलंटची खरी गरज आहे ती निमुळत्या आट्यांना. अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपीटी या दोन्ही पद्धतींत आटे १६ला १ या प्रमाणात निमुळते होत जातात; घट्ट आवळल्यावरही आट्यांचे शिखर आणि समोरची खाच यांच्यामध्ये एक बारीक सर्पिल वाट उरते. ती बुजवणे एवढेच सीलंटचे काम. एनपीटीच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, बीएसपीटीचा ५५ अंशांचा. १/८ इंच मापात एकात इंचाला २७ आटे, तर दुसऱ्यात २८. अर्धा इंच मापात दोन्हीकडे १४ आटे असल्याने विजोड फिटिंग चढते, पण गळते. ही चूक कोणतेही सीलंट भरून काढू शकत नाही.

जोड निमुळत्या आट्यांचा आहे हे ठरल्यावर द्रव्याच्या तीन कसोट्या उरतात : इंधनात ते विरघळू नये, त्याचे तुकडे सुटू नयेत आणि जोडाच्या पदार्थाला ते मानवावे. पेट्रोल, डिझेल वा इथेनॉल यांपैकी कशाचाही टेफ्लॉनवर परिणाम होत नाही; टेपचा दोष तिच्या फीतरूपात आहे. आट्यांच्या धारेने तिचे धागे सुटतात, आणि फिल्टरच्या पुढच्या जोडात सुटलेला धागा थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. साधे सिलिकोन पेट्रोलने फुगते आणि कमजोर होते. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोलला शेलॅकचे जुने सीलंट चालत नाही. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले. तेव्हा डब्यावर पेट्रोलबरोबर इथेनॉलचाही उल्लेख आहे ना, हे पाहिलेच पाहिजे. धातूच्या जोडांसाठी इंधनयोग्य, टेफ्लॉनयुक्त अ‍ॅनारोबिक सीलंट या कसोट्यांना सर्वांत चांगले उतरते. आट्यांत ते घट्ट होते, हवा लागलेला बाहेरचा थर मात्र ओला राहतो आणि पुसता येतो. प्लास्टिकच्या जोडांना ते लावू नये. काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात.

यावर अनुभवी मेकॅनिक म्हणतील की टेपने वर्षानुवर्षे काम भागले आहे. पहिले दोन आटे मोकळे सोडून, आवळण्याच्या दिशेने गुंडाळलेली टेप गळती रोखते, हे खरे. पण जोड पुन्हा उघडला की जुने तुकडे आट्यांत उरतात, आणि कार्ब्युरेटरच्या काळातला अर्ध्या बारहून कमी दाब आज पेट्रोल इंजेक्शनच्या साध्या पद्धतीतही ३ ते ४ बारवर गेला आहे. अ‍ॅनारोबिक सीलंट महाग आहे आणि त्याला पक्के व्हायला वेळ लागतो, हा आक्षेपही रास्त आहे. स्टेनलेस स्टीलवर तर अधिकच. गाडी लगेच सोडायची असेल, तर इंधनासाठीच बनवलेली, न सुकणारी टेफ्लॉन पेस्ट वापरावी. जोड पुढे उघडणार नाही ही शंका कमी ताकदीच्या प्रकाराने मिटते. नट कायमचे जखडणारे द्रव्य मात्र येथे वर्ज्यच, कारण ते सोडवायला उष्णता द्यावी लागते आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. योग्य सीलंट लावून, ते पक्के होऊ देऊन, पंपाच्या दाबाखाली जोड तपासल्यावरही ओल दिसली, तर दोष आट्यांत किंवा फिटिंगच्या निवडीत आहे असे समजावे. सीलंटचा थर वाढवू नये, जोड उघडून फिटिंग बदलावी.