धारेवरचा तिसरा

कर्जत-खालापूरच्या डोंगरात वॉकी-टॉकीला अंतर अडवत नाही, डोंगर अडवतो. पाच वॅटचा हातातला संच दोन शिखरांवर समोरासमोर असेल तर कित्येक किलोमीटर स्पष्ट बोलतो. तोच घेऊन घळीत उतरले की सोंडेपलीकडच्या माणसालाही काही ऐकू येत नाही. इथला पल्ला वॅट वाढवून फारसा वाढत नाही, उंची गाठली की वाढतो. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बचाव पथकांना दिसेल अशा धारेवर तिसरा कोणी बसला आणि एकाचे ऐकून दुसऱ्याला सांगू लागला, की दोन आंधळे संच जोडले जातात. असा मधला तिसरा म्हणजे रिपीटर, मग तो माणूस असो वा यंत्र. ही जाण बिनतारी यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन बोरघाटावर नजर ठेवून उभे आहेत. इर्शाळगडाच्या सुळक्यावर मोठी शिबंदी मावणारच नाही; त्याचे मोल टेहळणीचे. कोणी म्हणेल, टेहळणीची चौकी आणि रिपीटर यांची तुलना ओढूनताणून आणलेली आहे. चौकीवरच्या धुराने शत्रू आल्याचे कळेल, स्ट्रेचर किती हवेत ते कळणार नाही. ते खरे आहे. पण जागा हेरण्याचा नियम दोघांचा एकच: दोन्हीकडचे दिसले पाहिजे.

हा नियम मागे पडला तो तारेमुळे, असे मला वाटते. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, रुळांच्या कडेने तार आली आणि निरोप डोंगरमाथ्यावरून उतरून मार्गाने धावू लागला. कर्जत स्टेशन जगाशी जोडले गेले, पण मार्गापासून दूर असलेल्या ठाकर-कातकरी वाड्या निरोपाच्या नकाशावर आल्याच नाहीत. पुढे मोबाइलचे टॉवरही मुख्यतः ग्राहक असतील तिथेच उभे राहिले. घाटमाथ्यापलीकडे आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, आणि बाहेर बातमी पोचली ती एसटीच्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही म्हणून. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी वर चढवता आला नाही. पायथ्यापासून तास-दीड तासाची निसरडी चढण, वर पाऊस आणि धुके. हाती लागलेले मृतदेह 27. बेपत्ता 57 जणांनाही पुढे मृत मानले गेले. अशा जागी वर काय हवे हे सांगायला माणूस धाडायचा, तर तो उतरेपर्यंतच तास जातो.

आता मोबाइल आहे, उपग्रह फोन आहे, मग वॉकी-टॉकी आणि धारेवरचा तिसरा कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण वीज गेली की टॉवरची बॅटरी किती तग धरेल ते सांगता येत नाही. उपग्रह फोनला मोकळे आकाश लागते, सरकारी परवानगीही लागते. शिवाय फोन दोघांत चालतो. दोर ओढणारे, स्ट्रेचर धरणारे आणि खालचा डॉक्टर एकाच वेळी ऐकू शकतात ते वॉकी-टॉकीवर. यंत्र-रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. त्याच्याच आवाजाने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये फिल्टर लागतात. तो धारेवर ठेवता आला तर उत्तमच. पण बॅटरी संपली किंवा केबलमध्ये पाणी शिरले की तो मुका होतो, आणि अर्धवट आलेला शब्द तो अर्धवटच पुढे पाठवतो. बटण दाबल्याबरोबर बोलले तर पहिला शब्द गळतो, बोट आधी उचलले तर शेवटचा. मराठीत नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतो. ‘दोर सोडू नका’ यातला ‘नका’ हरवला तर काय होईल? धारेवर माणूस असेल तर तो म्हणतो, ‘पुन्हा सांगा,’ आणि पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय पुढे देत नाही. म्हणून यंत्र असले तरी त्याच्याजवळ माणूस हवा असे माझे ठाम मत आहे. एकटा माणूस पावसात थकतो, म्हणून तिथे दोघे असावेत, कोरड्या पिशवीत जादा बॅटऱ्या असाव्यात. आणि त्यांची जागा मे महिन्यातच, कडा कोरडा असताना, प्रत्येक वाडीसाठी बोलून पाहून ठरवलेली असावी.